आवडीची साक्ष

२०२४ सालच्या डिसेंबरात पुण्याहून माझ्या नातवाची एक यादी आली. नातू म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा नातू. पण साखऱ्यात आम्ही चुलत-सख्खे असा भेद फारसा करीत नाही, आणि तोही मला आबाच म्हणतो. संगणकाच्या कचेरीत नोकरी, राहायला कोथरूडला, आणि कानांत सदा त्या दोन गुठळ्या. यादीचे शीर्षक होते, ‘या वर्षीचे माझे आवडते दहा रॉक आणि इंडी अल्बम’. खाली दहा नावे, एक ते दहा आकडे टाकून, आणि शेवटी एक ओळ : ‘आबा, नक्की ऐका.’

मी शाळामास्तर. जन्मभर मुलांना क्रमांक देण्यात गेला. पहिला कोण, दुसरा कोण, हे ठरविताना किती गोष्टी आड येतात ते मला ठाऊक आहे. तेव्हा यादीतल्या नावांपेक्षा मला त्या आकड्यांचेच कुतूहल वाटले. चौथा आणि पाचवा यांत याने फरक कशावरून केला असेल? मास्तरला निदान पेपर तरी तपासायला असतात.

दिवाळी अंक घरातल्या सगळ्यांच्या हातांतून फिरतो, म्हणून दोन शब्दांची फोड करून घेतो. रॉक म्हणजे विजेवर वाजणारी गिटार, तिच्या जोडीला खर्जातली दुसरी गिटार आणि ढोलांचा संच, यांवर उभे असलेले गाणे. परदेशातले खरे, पण आपल्याकडेही ते काही कालपरवा आलेले नाही. मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ नावाचा वाद्यवृंद निघाला, तोच पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. पुण्यात २०१० साली ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ नावाचा जलसा सुरू झाला, आणि आमचा नातू हे वेड तिथूनच घेऊन आला. इंडी हा ‘इंडिपेंडंट’चा लघुशब्द. मोठ्या कंपन्यांच्या दारी न जाता जे आपली गाणी आपण काढतात ते इंडी, असा मूळ अर्थ; आता तो एक घाटच झाला आहे. अल्बम या शब्दाची हकीकत तर गमतीची आहे. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साडेतीन मिनिटांच्या आसपासच गाणे मावे. लांब रचना असली की तिच्या चार-सहा तबकड्या फोटोंच्या अल्बमसारख्या एका पुठ्ठ्यात बांधून विकीत. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली, सगळे एका चकतीवर मावू लागले, पण नाव अल्बमच राहिले. आपला दिवाळी अंक हाही एक अल्बमच म्हणा ना. कथा कुठे, कविता कुठे, याचा संपादकाने विचार केलेला असतो, आणि आपण मात्र आधी राशिभविष्य उघडतो.

संक्रांतीला नातू गावी आला तेव्हा मी त्याला सहज विचारले, ‘यातले तू सगळ्यांत जास्त वेळा काय ऐकलेस?’

तो हसला. स्पॉटिफाय नावाच्या ज्या यंत्रावर ही मुले गाणी ऐकतात, ते वर्षअखेरीस प्रत्येकाला त्याचा हिशेब काढून देते; कोणते गाणे किती वेळा वाजले, सारे बिनचूक. नातवाने हिशेब दाखविला. वरच्या पाचांत त्या दहा अल्बमांतले एकही गाणे नव्हते. तिथे होती २०१६ च्या ‘सैराट’ची गाणी.

‘ते बसमध्ये ऐकतो, आबा. ते धरायचं नसतं.’

‘का धरायचे नसते?’

‘ते सगळेच ऐकतात.’

आता इथे मी थांबलो. नातू खोटे बोलणारा मुलगा नाही. त्याने दहा अल्बम ऐकले होते, काही तीनदा, काही एकदाच, हेही त्याने लपविले नाही. मग यादी खोटी होती का? यंत्राचा हिशेब खरा धरावा, तर तेही पटत नाही. मी जन्मभर माझ्या आईपेक्षा चौकातल्या किराणा दुकानदाराला अधिक वेळा रामराम घातला आहे. किती वेळा, यावरून किती, हे कळत नाही. शिवाय काही गाणी अशी असतात की ती वर्षातून एकदाच ऐकवतात. दुसऱ्यांदा लावायचे धैर्य होत नाही. यंत्राच्या लेखी ती नगण्य.

म्हणजे आवडीचे दोन साक्षीदार समोर उभे, एक स्वतः नातू आणि एक यंत्र, आणि दोघांचाही जबाब पुरा भरवशाचा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? आवड ज्याची त्याची. एकाला कारल्याची भाजी आवडते, एकाला नाही; त्यावर कोणी साक्षीपुरावे काढीत नाही. कान्ट या जर्मन तत्त्वज्ञाने १७९० साली याच मुद्द्यावर बोट ठेवले. एखादे पेय ‘मला’ गोड लागते असे म्हटले की वाद मिटला, कारण त्यात इतरांकडे काही मागणे नसते. पण एखादी गोष्ट सुंदर आहे असे म्हणताक्षणी आपण साऱ्या जगाकडून होकार मागत असतो. तो मिळेल म्हणून नव्हे, मिळायला हवा म्हणून. नातवाच्या यादीतली शेवटची ओळ आठवा. कारले आवडणारा मनुष्य ‘आबा, नक्की खा’ असे लिहून यादी धाडीत नाही. ज्याने यादी धाडली त्याने माझ्याकडे काही मागितले आहे. निदान दहा संध्याकाळी तरी मागितल्याच आहेत. आणि माझ्या वयाच्या माणसाकडून संध्याकाळी मागायच्या म्हणजे त्या बदल्यात खरे बोलायला हवे, असे मला वाटते. आवड सांगणे ही साक्ष देणे आहे, असे मी म्हणतो ते या अर्थाने. नुसत्या रुचीला खोटेपणा चिकटत नाही, साक्षीला चिकटतो.

ह्यूमने १७५७ सालच्या आपल्या रुचीवरील निबंधात ‘डॉन किहोते’मधली एक गोष्ट घेतली आहे. सांचो पांझाच्या घराण्यातल्या दोघांना एका पिंपातले मद्य चाखायला दिले. एक म्हणाला, उत्तम आहे, पण चामड्याचा किंचित वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पुढे पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली निघाली. ह्यूम यावरून सूक्ष्म जिभेचा महिमा सांगतो. मला त्या गोष्टीत दुसरेच काही मोठे वाटते. सारे हसत होते आणि तरी दोघांनीही आपला शब्द फिरविला नाही. जीभ सूक्ष्म असणे हे दैवाचे देणे. जिभेने सांगितले तेच तोंडाने बोलणे, हसणाऱ्यांच्या देखत बोलणे, ही मात्र ज्याची त्याची करणी. आणि गाण्याच्या बाबतीत तर पिंप कधी रिकामेच होत नाही. किल्ली सापडेल आणि आपण खरे ठरू, ही आशाच नाही.

हसण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. ही यादीची हौस आमच्या घरात नवी नाही.

१९५२ साली बाळकृष्ण केसकर केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. पुण्याचे गृहस्थ, संगीताचे खरे मर्मज्ञ; संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि घराण्यांचे मोठमोठे गवई देशभर ऐकू येऊ लागले, हे श्रेय त्यांचेच. पण देशाने काय ऐकावे याबरोबर देशाने काय ऐकू नये हेही त्यांनी मनावर घेतले, आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरविला. त्याच वर्षीच्या ३ डिसेंबरला रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. पाच वर्षांनी, १९५७ च्या ३ ऑक्टोबरला, आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. केसकरांची रुची वाईट होती असे कोण म्हणेल? पण दुसऱ्याच्या कानाला लाज आणून त्याची रुची सुधारता येत नाही, एवढे त्या पाच वर्षांत दिसून आले.

बुधवारी रात्री आठ वाजता साखऱ्यात एका दुकानाच्या ओट्यावर माणसे जमत. दुकानदाराकडे बॅटरीवरचा रेडिओ होता. लघुलहरींवरचा आवाज पाण्यातून आल्यासारखा हेलकावे खाई, मध्येच दुसरेच कुठले स्टेशन घुसे, आणि त्या गोंधळातून ते लाडके ‘बहनो और भाइयो’ ऐकू आले की पोरांचा कलकलाट थांबे. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू, सातवीत शाळा सोडून शेतीत पडला होता. त्याच्याजवळ दोनशे पानी वही होती. दर बुधवारी तो कंदिलाच्या उजेडात डाव्या पानावर गीतमालेतली गाणी उतरवी. कोणते गाणे कितव्या पायदानावर, सारे नीट, आकड्यांखाली रेघ मारून. आणि उजव्या पानावर त्याचा स्वतःचा क्रम. सिलोनने दिलेला निकाल त्याला नेहमीच मान्य असे असे नाही. वर्षाच्या शेवटच्या बुधवारी वार्षिक यादी लागे. त्या रात्री तो जेवायलाही उठत नसे.

१९६८ साली मी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेजात गेलो. तिथे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या मंडळींत मला शिरकाव मिळाला. ते दिवस मी वाया घालविले असे मुळीच म्हणणार नाही. अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगितले आहे की, काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा निर्मळ झाला तो सहृदय. तो अभ्यास तिथे झाला. मारवा आणि पूरिया यांतला फरक मला तिथे कळला. फक्त माझा आरसा निर्मळ होत होता त्यापेक्षा मी तो लोकांना दाखवीत जास्त होतो. सिनेमाचे गाणे त्या मंडळींत निघालेच तर नाक मुरडायचे असते, हेही मी शिकलो. खोलीवर परतल्यावर बुधवारी आठ वाजता मी कोणत्या खिडकीखाली उभा राहत असे, ते सांगायला नको.

१९६९ ची दिवाळी. फराळाला पाहुणे बसले होते. कोनाड्यातून दादाची वही काढून मी ती मोठ्याने वाचायला लागलो. डावे पान, अमीन सायानींच्या आवाजाची नक्कल करून. नक्कल मला साधत असे. सारे पोट धरून हसले. मग मी म्हणालो, ही बाजारू गाणी, आणि त्यांचाही कोणी हिशेब ठेवतो! दादाही हसला. हसता हसताच त्याने वही माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाला, ‘तू शिकला बावा, तुलाच ठाव.’

पुढच्या दिवाळीला घरी आलो तेव्हा ती वही कोनाड्यातच होती. त्यात कापसाचा आणि वेचणीच्या मजुरीचा हिशेब होता.

ही काही मोठी शोकांतिका नव्हे. दादा पुढे पंचेचाळीस वर्षे मजेत जगला, सुना-नातवंडे पाहिली, गाणीही ऐकत असेल. पण दादासमोर मी खोटी साक्ष दिली होती. ती गाणी मला आवडत नाहीत असे मी सांगितले, आणि मला ती आवडत होती. बरे, खोटे बोलून मी स्वतःचेच नुकसान केले असते तर तो माझा प्रश्न होता. पण आपल्याच आवडीची लाज वाटली की माणूस ती लाज दुसऱ्याच्या अंगाला पुसतो. मी ती दादाच्या अंगाला पुसली.

आमच्याच जिल्ह्यात औंढा नागनाथ आहे, आणि साखऱ्याहून हिंगोलीच्या वाटेवर नामदेवांचे नरसी. औंढ्याची कथा लहानपणापासून ऐकत आलो आहे. देवळासमोर नामदेवांचे कीर्तन चालू होते, पुजाऱ्यांना त्याचा अडथळा वाटला, त्यांनी या शिंप्याच्या पोराला मागे जायला सांगितले. नामदेव देवळामागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळ फिरले. देव गाण्याकडे तोंड करून बसला. पुजाऱ्यांची तोंडे कुठे वळली, ते कथा सांगत नाही. पण मला वाटते, त्यांतल्या एखाद्याला ते कीर्तन आधीपासूनच आवडत असणार. त्याचे काय झाले असेल?

असो. नातवाकडे वळतो. मी दहाही अल्बम ऐकले. ओट्यावर बसून, ती गुठळी कानात घालून. रस्त्याने जाणारे लोक म्हातारा फोनवर कोणाचे एवढे ऐकून घेतो आहे म्हणून पाहत होते. दहांतले सहा मला आवडले नाहीत. दिल्लीच्या ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’चा ‘बीटा’ आणि डब्लिनच्या ‘फॉन्टेन्स डी. सी.’चा ‘रोमान्स’ त्या सहांत होते. त्यांत त्यांचा काही दोष नसावा. माझी दारे त्या बाजूला नाहीत.

‘द क्युअर’ या इंग्लिश वाद्यवृंदाचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ सोळा वर्षांच्या खंडानंतर निघाला, तो नेमका १ नोव्हेंबर २०२४ ला, आपल्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. पहिले गाणे सुरू होऊन तीन मिनिटे झाली तरी गवई तोंड उघडीना. ७८ च्या तबकडीची बाजू संपत आली असती. मी आलाप समजून बसून राहिलो, आणि आवाज आला तेव्हा कळले की इतका वेळ वाट पाहायला लावली ती उगीच नव्हती. रॉबर्ट स्मिथ पासष्टीचा. आईवडील आणि भाऊ गेल्यावरची ही गाणी. भावावरचे गाणे मी एकदाच ऐकले. यंत्राच्या हिशेबात ते एक म्हणून लागले असेल.

बेथ गिबन्सचा ‘लाइव्ज आउटग्रोन’ मला आवडला की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तो करायला तिला सुमारे दहा वर्षे लागली, साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईने वय आणि निरोप यांवर गायिले आहे, हे मी आधी वाचले होते. ते वाचले नसते तर? ऐकताना माझ्या मनात आदर आला, आणि आदर हा फार हुबेहूब प्रेमासारखा दिसतो. औरंगाबादच्या बैठकींत मी कित्येकदा फसलो तो इथेच.

राहिला मदू मॉक्तार. नायजर देशातला, सहाराच्या कडेचा तुआरेग तरुण. घरून गिटार मिळेना तेव्हा त्याने लाकडाची गिटार स्वतः केली आणि तिला सायकलच्या ब्रेकच्या तारा लावल्या. त्याची गाणी प्रथम पसरली ती कोणत्या कंपनीने नव्हे. त्या मुलखात मोबाइलमधल्या मेमरी कार्डांवरून, एकाच्या फोनमधून दुसऱ्याच्या फोनमध्ये, वाळवंट ओलांडून गेली. हे वाचून मला हिंगोलीच्या बाजारातली ती दुकाने आठवली, जिथे पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपली पोरे दहा-वीस रुपयांत कार्ड गाण्यांनी भरून घेत. २०२३ च्या जुलैत नायजरमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा हा वाद्यवृंद अमेरिकेत दौऱ्यावर होता. घरी परतायची वाट बंद झाली. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचा ‘फ्युनरल फॉर जस्टिस’ निघाला. तमाशेक भाषेतला एक शब्द मला कळत नाही. गिटार अशी धावते की श्वास घ्यायला जागा नाही, आणि खाली हलगीसारखा ठेका, जत्रेत लांबून ऐकू येतो तसा. सबंध अल्बम ऐकून मी उठलो आणि पुन्हा बसलो, आणि पुन्हा लावला. तिसऱ्या वेळी वहिनी आतून म्हणाल्या, भाऊजी, चहा थंड झाला.

नातवाच्या यादीत तो नववा होता.

मी त्याला फोन केला आणि जे वाटले ते सारे सांगितले. सहा आवडले नाहीत हेही, आणि बेथबाईंविषयी मला कळत नाही हेही. तो जरा हिरमुसला, मग हसला. म्हणाला, ‘खरं सांगू आबा? तो नववा नव्हता. दुसरा होता. पण फार पुढं टाकला तर दाखवायला टाकल्यासारखं वाटेल म्हणून खाली नेला.’ पाहा, म्हणजे ही मुले किती पुढे गेली आहेत! आम्ही आवड लपवीत होतो; हे आवडीचा देखावा दिसू नये म्हणून आवड लपवितात.

‘मग सैराट?’ मी विचारले.

‘सैराट पहिला,’ तो म्हणाला. ‘पण तो २०२४ चा नाही ना.’ हे मात्र त्याचे बरोबर होते.

या दिवाळीला तो येणार आहे. सोयाबीन घरात आले आहे, हळद रानात उभी आहे. परवा फोनवर त्याने विचारले, ‘आबा, आजोबा गीतमाला लिहायचे म्हणे. त्यांच्या यादीत पहिलं काय असायचं?’

वही केव्हाच वाळवीने खाल्ली. डाव्या पानावर काय होते ते मी सांगू शकलो; १९५३ च्या पहिल्या वार्षिक यादीत ‘अनारकली’मधले गाणे वर होते हे आता कोणालाही काढून पाहता येते, आणि पुढच्या वर्षांचेही तसेच. उजवे पान मी कधी वाचलेच नव्हते.